काकडी-पुदिन्याचं लिंबू सरबत: पाक आधी, भाजी शेवटी

विदर्भात एप्रिलच्या मध्यापासून पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि मेच्या अखेरीस लागणारा नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) सरेपर्यंत उतरत नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत घरोघरी लिंबू सरबत होतंच. त्यात काकडी, पुदिना, अद्रक (आलं), सांभार (कोथिंबीर) घातला की ते जास्त गार वाटतं, पोटाला हलकं जातं आणि साखरही कमी लागते. पण हेच सरबत कधी कडू होतं, कधी काळपट पडतं, कधी आंबूस वास मारतं आणि कधी घरभर जुलाब लावतं. बहुतेक वेळा याचं कारण एकच असतं: लिंबू, मीठ आणि वाटलेली भाजी सकाळी एकत्र करून ती दुपारपर्यंत, कधी संध्याकाळपर्यंत ठेवलेली असते.

म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे. लिंबू आणि साखर यांचा पाक टिकतो, तो आधी करून ठेवायचा. भाजी टिकत नाही, ती पिण्याच्या वेळी वाटायची आणि तेव्हाच मिसळायची.

लिंबू निवडताना आणि पिळताना

उन्हाळ्यात बाजारात येणारं कागदी लिंबू हे हस्त बहाराचं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुललेली झाडं मार्च ते मे या काळात फळ देतात, आणि हा बहार धरणं अवघड असल्यामुळे नेमकं गरजेच्या दिवसांत लिंबू महाग होतं. अकोला, वाशीम, बुलडाणा भागात ज्यांच्या वावरात झाडं आहेत त्यांनी पिवळसर झालेली फळं देठासह तोडावीत. विकत घेणाऱ्यांनी पातळ सालीचं, गुळगुळीत, हातात जड लागणारं लिंबू घ्यावं. हिरवंगार टणक लिंबू रस कमी देतं. ते तीन-चार दिवस तणसात किंवा गव्हाच्या कोंड्यात झाकून ठेवलं की पिवळं पडतं आणि मऊ होतं.

मध्यम आकाराच्या एका लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो. मे महिन्यात सुकलेल्या लिंबातून दहाच निघेल, म्हणून लिंबं मोजून सरबत करू नका, रस मोजा. रस नीट सुटावा यासाठी लिंबू दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मग तळहाताखाली दाबून ओट्यावर घोळवा. कापताना देठ वर धरून मधोमध न कापता थोडं बाजूने कापा, बिया कमी फुटतात.

पिळताना हावरेपणा नको. शेवटचे दोन थेंब काढायला साल पिरगळली की सालीतलं तेल आणि पांढऱ्या गराचा कडूपणा रसात उतरतो. बियांचंही तेच. बी फुटलेला रस पिळल्या पिळल्या चांगला लागतो, पण तासाभराने कडू होत जातो, कारण बी आणि पडद्यांमधला एक घटक आंबट रसात हळूहळू कडू रूप घेतो. हा कडूपणा साखरेने झाकला जात नाही. रस पिळून झाला की लगेच बारीक गाळणीतून गाळा.

लिंबं स्वस्त मिळाली म्हणून जास्त आणली असतील तर ती पाण्यात पूर्ण बुडवून सावलीत ठेवा आणि रोज पाणी बदला. उघड्यावर चार दिवसांत दगडासारखी होणारी लिंबं अशी पंधरवडाभर रसदार राहतात.

काकडी, पुदिना आणि बाकीची भाजी

काकडी कोवळी घ्या, बिया दुधाळ असलेली. गावरान काकडी, खिरा, लांब पोपटी काकडी, यांपैकी कोणतीही चालते. वर्धा आणि वैनगंगा नद्यांच्या रेतीतल्या डांगरवाड्यांवरून (काकडी-टरबुजाच्या मळ्यांवरून) ताजी काकडी मिळत असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. उन्हाळ्यात काकडी कडू निघण्याचं प्रमाण वाढतं, कारण वेलाला पाण्याचा ताण पडला आणि ऊन कडक झालं की वेल कडू द्रव्य जास्त तयार करतो. ते देठाकडच्या टोकाला आणि सालीखाली जास्त असतं. म्हणून देठाकडून बोटाच्या दोन पेरांएवढा भाग काढून टाका, साल जाड सोला आणि उरलेल्या काकडीची एक फोड खाऊन बघा. टोक कापून ते घासून फेस काढायची रीत सगळीकडे आहे. तिचा खरा उपयोग टोक कापलं जातं एवढाच. घासल्यानंतरही फोड कडू लागली तर ती काकडी सरबतात घालू नका. एक कडू काकडी अख्खा गंज (पातेलंभर सरबत) वाया घालवते.

दुधीबद्दल मात्र नुसती चव बिघडण्याचा प्रश्न नाही. कच्च्या दुधीचा रस आरोग्यासाठी म्हणून बरेच जण घेतात, आणि लिंबू-पुदिना घातला की तो सरबतासारखा लागतोही. पण कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याचा अभ्यास करून स्पष्ट सांगितलं आहे की रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू असेल तर पूर्ण दुधी फेकून द्यावा, आणि कडू रस दुसऱ्या कशात मिसळून पिऊ नये. लिंबू, मीठ आणि साखरेच्या चवीखाली हा कडूपणा लपतो, म्हणून सरबतात तो जास्त धोक्याचा. दुधीचा रस पिऊन मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळ असं काही झालं तर घरी थांबू नका, दवाखान्यात जा. आमचं मत विचाराल तर दुधीची भाजी करा, सरबताला काकडी पुरेशी आहे. कोहळं घालायचं असेल तर त्यालाही आधी चाखण्याचा हाच नियम.

पुदिना लहान पानांचा, गडद हिरवा घ्या. देठं टाकून द्या, ती तुरट लागतात. नालीकाठी किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला पुदिना जोमदार दिसतो, पण कच्चा खायला तो अजिबात घेऊ नका. कुंडीत किंवा माठाखालच्या गळत्या पाण्यावर लावलेला पुदिना घरापुरता सहज होतो. त्याला दुपारची सावली हवी, एवढंच. सांभाराची कोवळी देठं मात्र ठेवा, वास त्यातच असतो.

पालक, आंबट चुका आणि घोळ या भाज्या कच्च्या वाटून रोज पिऊ नयेत. त्यांत ऑक्झलेट भरपूर असतं, उन्हाळ्यात घामामुळे लघवी कमी आणि घट्ट होते, आणि मुतखड्याचा त्रास असणाऱ्याला हे दोन्ही मिळून महागात पडतं. गाजर हिवाळ्यातलं. एप्रिलमध्ये मिळतं ते आतून लाकडी झालेलं असतं. कोबीचा वास सरबतात कोणालाच आवडत नाही.

धुण्याचं काम घाईने करू नका, कारण यातलं काहीच शिजणार नाही. पालेभाजी मोठ्या भांड्यात पाण्यात सोडा, हाताने हलवा, पाच मिनिटं राहू द्या, म्हणजे माती तळाशी बसेल. मग भाजी वरून उचलून घ्या. भांडं तिरपं करून पाणी ओतलं तर माती परत पानांवर येते. असं तीन पाण्यांनी करा आणि शेवटचं पाणी पिण्याचं वापरा. काकडी आणि अद्रक वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, आणि सोलण्याआधी धुवा, नाहीतर सालीवरची घाण सुरीने आत जाते. वावरातली भाजी असेल तर शेवटची फवारणी कधी झाली ते आठवा. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची ते लिहिलेलं असतं. ते दिवस भरले नसतील तर ती भाजी धुऊनही सरबताला नको.

पाणी

सरबतात नव्वद टक्के पाणीच असतं, तरी सगळं लक्ष लिंबाकडे जातं. विहीर, हातपंप किंवा टँकरचं पाणी असेल तर ते आधी गाळून खळखळून उकळा, उकळी आल्यावर निदान एक मिनिट राहू द्या, झाकून गार करा आणि मग माठात भरा. हे काम आदल्या रात्री उरकलं तर सकाळपर्यंत पाणी गार होतं. क्लोरीनचे थेंब टाकत असाल तर बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा आणि अर्धा तास थांबा. लगेच लिंबू पिळलं तर क्लोरीनचं काम अर्धवट राहतं.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या त्या गावांत, पाणी मुळातच खारट असतं. तिथे पुढे दिलेलं मिठाचं प्रमाण जसंच्या तसं घेऊ नका. आधी मीठ न घालता सरबत करा, चाखा, मग ठरवा. अशा जड पाण्यातले क्षार लिंबाचा आंबटपणाही मारतात, त्यामुळे तेवढ्याच आंबटपणासाठी एखाद-दोन लिंबं जास्त लागतात. उकळल्यावर भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तो ढवळू नका, वरचं पाणी हलक्या हाताने ओतून घ्या.

लिंबू-अद्रकाचा पाक

लागणारं सामान: साधारण ३० लिंबं (५०० मिली गाळलेला रस), १ किलो साखर, १०० ग्रॅम अद्रक. बाकी काही नाही. पाणी घालायचं नाही आणि विस्तवावर ठेवायचं नाही.

अद्रक सोलून किसा, कीस स्वच्छ पातळ कापडात घालून पिळा. अर्ध्या वाटीपेक्षा थोडा कमी रस निघेल. हा रस अर्धा तास वाटीत स्थिर ठेवा. तळाशी पांढरा साका बसतो, तो अद्रकातला स्टार्च आहे. वरचा पिवळा रस तेवढा घ्या, साका टाकून द्या. तो पाकात गेला तर पाक गढूळ राहतो आणि तळाशी चिकट थर धरतो.

काचेची किंवा चिनी मातीची बरणी गरम पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. लिंबाचा रस, अद्रकाचा रस आणि साखर एकत्र घालून कोरड्या लाकडी चमच्याने ढवळा. पहिल्या दिवशी साखर तळाशी दिसेल. दिवसातून तीन-चार वेळा ढवळा, दुसऱ्या दिवशी ती विरघळते. थोडी राहिलीच तर बरणी कोमट पाण्याच्या भांड्यात तासभर ठेवा. थेट गॅसवर गरम करू नका, कारण उष्णतेने लिंबाचा ताजा वास जातो आणि क जीवनसत्त्वही घटतं. तयार पाक साधारण सव्वा लिटरच्या आत भरतो.

पितळेचं, तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं या कामाला चालत नाही. लिंबाचं आम्ल धातू विरघळवतं, चव धातूची लागते आणि पोटालाही ते बरं नाही. स्टीलचा गंज मिसळायला ठीक, पण साठवायला काच किंवा चिनी मातीच.

साखरेचं प्रमाण कमी करायचा मोह होतो. या पाकात साखर फक्त गोडीसाठी नाही. वजनाने जवळजवळ दोन तृतीयांश साखर असल्यामुळेच त्यात बुरशी आणि खमीर वाढत नाही. साखर निम्मी केली तर पाक उन्हाळ्यात चार दिवसांत फसफसू लागेल. कमी गोड हवं असेल तर पाक तसाच करा, ग्लासात कमी घाला. हा पाक फ्रिजमध्ये दोन महिने राहतो. फ्रिज नसेल तर घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा. मीठ, जिरेपूड आणि पुदिना यांपैकी काहीच पाकात आधी घालू नका. ओला चमचा घालू नका. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, वर फेस दिसला किंवा दारूसारखा वास आला तर पूर्ण बरणी ओतून द्या.

गुळाचा पाकही करता येतो आणि अद्रकाबरोबर त्याची चव छान जुळते, पण गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळावा लागतो, त्यामुळे हा पाक टिकाऊ होत नाही. तो त्याच दिवशी वापरा. शिवाय हिरव्या भाजीबरोबर त्याचा रंग मातकट दिसतो.

दहा ग्लास सरबत

सामान:
- काकडी ५०० ग्रॅम (मध्यम ३)
- पाक १८० मिली (मोठे १२ चमचे)
- ताजी लिंबं ४
- पुदिन्याची पानं ३०, सांभार एक छोटी मूठ
- साधं मीठ सपाट अर्धा चहाचा चमचा, काळं मीठ पाव चमचा
- भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा
- माठातलं पाणी दीड लिटर

पाक केलेला नसेल तर १६० ग्रॅम साखर, आठ-नऊ लिंबं आणि बोटाच्या पेराएवढं अद्रक घ्या. साखर आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या, कारण गार पाण्यात ती उशिरा विरघळते आणि शेवटचा ग्लास पिणाऱ्याला सगळा गोडवा जातो.

आधी दीड लिटर पाण्यात पाक मिसळा, त्यात चार लिंबं पिळा, साधं मीठ घाला. हा गंज झाकून गार जागी ठेवा. एवढं काम तासभर आधी झालं तरी चालतं.

पिणारे समोर बसले की भाजीला हात घाला. काकडीच्या फोडी मिक्सरमध्ये एक वाटी माठाच्या पाण्यासह अर्धा मिनिट फिरवा, गाळणीतून किंवा पातळ फडक्यातून गाळा. फिकट हिरवा रस मिळेल. मग त्याच भांड्यात पुदिना, सांभार आणि चार चमचे पाणी घालून दोन-तीन झटके द्या, एवढेच. पुदिना जास्त वेळ फिरवला की तो गरम होतो, पानांतला तुरटपणा सुटतो आणि सरबत गवतासारखं लागतं. हे वाटण गाळून काकडीच्या रसात मिसळा आणि दोन्ही मिळून लिंबाच्या गंजात ओता. एकदा ढवळा. सगळ्यात शेवटी काळं मीठ आणि जिरेपूड.

काळं मीठ शेवटी घालण्याला कारण आहे. त्यात गंधकाचे क्षार असतात, ते लिंबाच्या आम्लाबरोबर राहिले की उकडलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. ताजा असताना तो वास चटकदार लागतो, तासाभरात नकोसा होतो. पुदिन्याचंही असंच. पानांचा हिरवा रंग आम्लात टिकत नाही, त्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. सरबत हिरवं दिसण्याचा वेळ पाऊण तासाच्या आसपास आहे. रंगाच्या गोळ्या किंवा खायचा रंग घालून हे झाकू नका, वेळेवर वाटणं एवढाच उपाय आहे. पाहुणे येणार म्हणून आधी तयारी करायचीच असेल तर पुदिना-सांभार उकळत्या पाण्यात पंधरा सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात टाका. असा पुदिना वाटून झाकून ठेवला तर काही तास हिरवा राहतो, फक्त लिंबू लावू नका.

सबजा आवडत असेल तर लिटरला एक चमचा पुरे. तो वीस मिनिटं भिजवून पूर्ण फुगल्यावरच घाला, लहान मुलांना कोरडा सबजा कधीच देऊ नका.

वीज गेली असेल तर

मिक्सरशिवाय हे सरबत जास्त चांगलं होतं, असं म्हणायलाही हरकत नाही. काकडी बारीक किसणीवर किसा. कीस परातीत पसरून सरबतासाठी काढलेलं साधं मीठ त्यावर भुरभुरा आणि दहा मिनिटं थांबा. मीठ काकडीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. मग कीस धुतलेल्या पातळ कापडात बांधून पिळा. मिक्सरमधून निघतो तेवढाच रस निघतो, फेस येत नाही आणि बियांचा तुरटपणाही उतरत नाही. मीठ यात आधीच गेलेलं आहे, गंजात पुन्हा घालू नका. पुदिना पाट्यावर वरवंट्याने दोन-तीन वेळा चेचा, वाटू नका.

गार करणं

आपल्याकडची मे महिन्याची हवा कोरडी असते, म्हणून माठ भरपूर पाझरतो आणि पाणी हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गार राहतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तोच माठ तेवढं गार करत नाही. घरातल्या कूलरचंही तेच होतं. माठ ओल्या रेतीवर, वाऱ्याच्या वाटेत पण सावलीत ठेवा आणि बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा.

सरबत मात्र माठात भरू नका. गोड आणि आंबट पाणी मातीच्या छिद्रांत मुरतं, तिथे आंबतं, आणि मग माठाचा तो वास जात नाही. छिद्रं बंद झाल्यावर माठ पाझरायचंही थांबवतो. सरबताचा स्टीलचा गंज गार पाण्याच्या परातीत ठेवा, वरून ओलं कापड घाला. बर्फ वापरायचाच असेल तर घरी पिण्याच्या पाण्याचा केलेला वापरा. मासळी आणि दुधाच्या गाड्यांसाठी कारखान्यात तयार होणारा लादीचा बर्फ पिण्यासाठी नसतो. तो भांड्याबाहेर लावून गार करा, सरबतात टाकू नका.

वावरात आणि तेंदूपत्त्याला नेताना

सरबत प्यायची खरी गरज सावलीत बसलेल्यापेक्षा उन्हात काम करणाऱ्याला असते. नांगरट, काडीकचरा वेचणं, गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपत्ता तोडणं, ही सगळी कामं याच दोन महिन्यांत येतात. पण घरून मिसळून नेलेलं भाजीचं सरबत ४० अंशांच्या वर एका तासाहून जास्त ठेवू नये. म्हणून सुटं न्या. लहान बाटलीत पाक, कागदाच्या पुडीत मीठ, चार-पाच अख्खी लिंबं, अख्खी धुतलेली काकडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेला पुदिना आणि वेगळं पाणी. सुट्टीच्या वेळी तिथेच मिसळा. काकडी तिथे किसायची गरज नाही, चकत्या करून पाण्यात टाका आणि सरबत संपल्यावर खाऊन घ्या.

कामावरच्या सरबताचं प्रमाणही वेगळं असतं. दोन लिटर पाण्याला पाक १०० मिली (मोठे सात चमचे), लिंबं चार-पाच, साधं मीठ सपाट एक चहाचा चमचा. घरच्यापेक्षा कमी गोड, थोडं जास्त खारट. घामातून पाण्याबरोबर मीठ जातं आणि नुसतं पाणी खूप प्यायलं तर डोकं दुखणं, पायात गोळे येणं सुरू होतं. उलट फार गोड सरबत पोटात पडून राहतं आणि तहान वाढवतं. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी, आणि दीड-दोन तासांनी एक-दोन ग्लास सरबत, असं ठेवा. काम पहाटे सुरू करून दहा-साडेदहाला थांबवणं आणि डोक्याला दुपट्टा बांधणं, याची जागा सरबत घेऊ शकत नाही. खिशात कांदा ठेवल्यानेही ऊन लागायचं थांबत नाही. तोच कांदा भाकरीबरोबर खा.

कोणी उन्हात बरळू लागलं, अडखळू लागलं किंवा बेशुद्ध पडलं तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

कोणासाठी किती

जुलाब-उलट्या होत असतील तर हे सरबत उपचार नाही. आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे मिळणारं ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात पूर्ण घालून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. यात काकडी, जिरं, काळं मीठ काही मिसळायचं नाही.

मधुमेह असणाऱ्यांनी पाक न घालता ताजं लिंबू, काकडी आणि चिमूटभर मीठ घ्यावं. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ वगळावं, आणि काळं मीठ म्हणजे वेगळं काही औषधी मीठ अशी समजूत ठेवू नये, तेही बहुतांशी साधं मीठच आहे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाज्यांचा रस घेऊ नये. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला उन्हाळ्यातही आईचं दूधच द्यायचं, पाणी किंवा सरबत नाही.

बदल म्हणून

बीट घालायचं असेल तर लिटरला ५० ग्रॅम, त्याहून जास्त नको, मातकट वास वर येतो. किसून पिळा आणि लिंबाच्या गंजात घाला. पुदिन्याचा रंग लिंबात जातो, पण बीटाचा टिकतो, म्हणून हे सरबत पाहुण्यांसाठी सोयीचं. दुसऱ्या दिवशी लघवी लालसर झाली तर घाबरू नका. बीटाबरोबर सांभार नको, अद्रक थोडं जास्त चालतं.

टोमॅटो घ्यायचा तर पूर्ण पिकलेला, दहा ग्लासांना तीन. ताजी लिंबं चारऐवजी दोनच घ्या, मीठ थोडं वाढवा, पाक निम्मा करा आणि पुदिन्याऐवजी सांभार वापरा. हे जेवणाआधी प्यायला चांगलं, उन्हातून आल्या आल्या जड वाटतं.

गाळून राहिलेला काकडीचा चोथा तिखट-मीठ घालून थालीपिठाच्या पिठात मळा, वेगळं पाणी घालावं लागत नाही. मात्र तो त्याच वेळी वापरा. पिळलेल्या लिंबाच्या साली बरणीत भरपूर मीठ आणि हळद लावून ठेवल्या, रोजच्या साली त्यात टाकत गेलं आणि बरणी अधूनमधून उन्हात ठेवली, तर महिन्याभरात त्या मऊ होतात. मग त्यात तिखट आणि गूळ घालून लोणचं करा. कडू काकड्या आणि कुजलेल्या पुदिन्याच्या काड्या उकिरड्यावर टाका, गुरांच्या टोपल्यात नको.